ओसरीपुरता हक्क

माझ्या फोनच्या पाठीवर, कॅमेऱ्याच्या काचेभोवती, एक चिकट काळपट कडं जमलं आहे. नखाने खरवडलं की थोडं निघतं, आठवड्याभरात पुन्हा जमतं. बंगळूरच्या आयटीत काम करणाऱ्या माणसाला हे कडं सांगावं लागत नाही. परदेशी ग्राहकाचं काम जिथे चालतं अशा कित्येक ऑफिसांच्या फाटकावर सुरक्षारक्षक आपल्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर चिकटवतो. संध्याकाळी बाहेर पडताना आपण तो उपटतो आणि फाटकाच्या खांबावर लावून टाकतो. काही मजल्यांवर तर फोन न्यायलाच बंदी, तो दाराबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा. आता गंमत बघा. आत जाऊन संगणक उघडायला जो सहा आकडी कोड लागतो, तो त्याच फोनवर दिसतो आणि तीस सेकंदांत बदलतो. लॉकरपाशी उभं राहून कोड वाचणारी आणि तो विसरू नये म्हणून पुटपुटत आत धावणारी माणसं मी पाहिली आहेत. मुंजीतला बटूही संध्या इतकी घोकत नसेल.

म्हणजे फोन चोर आहे म्हणून बाहेर, आणि किल्लीही तोच. नोकरदाराच्या खासगी यंत्राबद्दल कंपन्यांचा जो गोंधळ आहे तो या एका दृश्यात मावतो. मी वीस वर्षं याच शहरात नेटवर्क सांभाळण्याचं काम करतो. फाटकावरचा स्टिकर ज्या नियमावलीतून येतो तसल्या नियमावल्या मी स्वतः लिहिल्या आहेत. त्यामुळे पुढे जे म्हणणार आहे ते बाहेरून आलेल्या टीकाकाराचं म्हणणं नाही. थोडं प्रायश्चित्तही आहे त्यात.

या व्यवस्थेला धंद्यात ‘बीवायओडी’ म्हणतात. आपलं यंत्र आपण आणा. ऐकायला हे फार आधुनिक वाटतं. पण आमच्या गावाकडे सप्ताहाच्या महाप्रसादाच्या पत्रिकेत खाली एक ओळ असायचीच: येताना ताट, वाटी, तांब्या आणावा. ताट आपलं, आमटी मंडळाची. चांगली पद्धत होती. मंडळाचा पत्रावळींचा खर्च वाचायचा आणि आपल्याला आपल्या ताटात जेवल्याचं समाधान मिळायचं. मात्र आमटी वाढली म्हणून मंडळाचा माणूस रात्री आपल्या स्वयंपाकघरात येऊन भांडी मोजत नसे. ऑफिसच्या मेलचं ॲप खासगी फोनवर टाकताना नेमकं तेच होतं, आणि आपण ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट ठेवून मोकळे होतो.

सुताराचा रंधा सुताराचा असतो, गवंड्याची थापी आणि ओळंबा गवंड्याचा. हत्यार स्वतःचं असणं ही कारागिराची ताकद होती. मालकाशी पटलं नाही तर पिशवी उचलून चालू लागता येई. कायद्यालाही या गोष्टीचं महत्त्व कळलेलं आहे. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला होता. कपड्यामागे मजुरी घेणारे, वाटेल तेव्हा येणारे-जाणारे, प्रसंगी काम घरी नेणारे शिंपी हे दुकानाचे नोकर की स्वतंत्र कारागीर, असा प्रश्न होता. न्यायालयाने त्यांना नोकर ठरवलं, आणि तसं ठरवताना शिलाई मशिनं बहुतेक दुकानाची आहेत ही गोष्ट महत्त्वाची धरली. साधं तर्कशास्त्र आहे: मशीन ज्याचं, त्याचा हुकूम. आता बंगळूरने यातला एक पाय काढून घेतला. मशीन शिंप्याचं, हप्ते शिंप्याचे, रिचार्ज शिंप्याचा, आणि हुकूम मात्र दुकानाचाच. माझं म्हणणं इतकंच आहे की या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला फुकट मिळता कामा नयेत. फोनवर पूर्ण हुकूम चालवायचा तर कंपनीने फोन विकत घेऊन हातात द्यावा. फोन माझाच वापरायचा असेल तर ओसरीवर बसावं, माजघरात येऊ नये.

ओसरीचा विषय आला की मराठी माणसाला पुढची म्हण आपोआप आठवते. हातपाय कसे पसरले जातात ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं, कारण ते पसरणारे हात माझेच होते.

2014 सालची गोष्ट. तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथे ऑफिसचा मेल फोनवर घेतला की पडद्यावर एक लांबलचक सूचना येई. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं असे की या खात्याच्या चालकाला तुमच्या फोनवरचं सगळं, न सांगता, पुसून टाकता येईल. कोण वाचतो? माझ्याबरोबर बेळगावचा एक सहकारी होता. त्याने राजीनामा दिला, शेवटच्या दिवशी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला आणि रात्रीच्या बसने घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे कामाचं नेहमीचं तिकीट आलं: नोकरी सोडलेल्या माणसाच्या फोनवरून कंपनीची माहिती काढा. पडद्यावर एकच बटण होतं, ‘पुसा’. ‘फक्त मेल पुसा’ असा पर्याय त्या व्यवस्थेत नव्हताच. मी ते दाबलं आणि चहाला गेलो.

तासाभराने त्याचा फोन आला, वडिलांच्या नंबरवरून. “अरे, माझा फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा झालाय. तुम्ही काही केलंत काय?” बेळगावात त्याच्या घराचं बांधकाम चालू होतं. सळई, सिमेंट, वाळूच्या पावत्यांचे फोटो, कंत्राटदाराला कुठल्या तारखेला किती दिले त्याच्या नोंदी, स्लॅब टाकण्याआधी सळयांची जाळी कशी होती त्याची छायाचित्रं, सगळं त्या फोनमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. पुढे कंत्राटदाराशी त्याचा पैशांवरून वाद झाला तेव्हा दाखवायला हातात काही उरलं नव्हतं. कंपनीच्या कायदा विभागाने सांगितलं की त्याने परवानगी दिलेली होती. खरंच दिलेली होती. नियमाप्रमाणे माझीही काही चूक नव्हती, आणि तेच मला आजही टोचतं.

आता दुसरी बाजू. ती मी रोज जगतो, तेव्हा ती हलकी करून सांगणार नाही. ऑगस्ट 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली. पुढच्या टप्प्यात चोरांनी कंपनीची भिंत फोडलीच नाही. ज्या चौघांकडे तिजोरीच्या किल्ल्या होत्या त्यांतल्या एका अभियंत्याचा घरचा संगणक त्यांनी गाठला. त्यावर सिनेमे-गाणी लावायचं एक जुनं, न सुधारलेलं सॉफ्टवेअर होतं. त्यातून ते आत शिरले, तो काय टाइप करतो ते टिपत बसले आणि मुख्य पासवर्ड उचलून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतींपर्यंत पोचले. घरचा संगणक म्हणजे घरचा मामला, असं म्हणणाऱ्याने ही हकीकत दोनदा वाचावी. शिवाय आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश आहे: सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवा आणि नोंदी 180 दिवस जपून ठेवा. घटना एखाद्या पोराच्या खासगी फोनवरून सुरू झाली असेल तर 6 तासांत मी काय शोधणार आणि कुठे?

आणि मार्च 2020 विसरून चालणार नाही. तोवर दूरसंचार विभागाचे नियम असे होते की कॉल सेंटरवाल्यांना घरून काम करणं जवळजवळ अशक्य व्हावं. टाळेबंदीने ते नियम आधी शिथिल केले आणि नोव्हेंबर 2020 मध्ये बहुतेक मोडीतच काढले. टाळेबंदीच्या त्या पहिल्या आठवड्यात टॅक्सीच्या मागच्या सीटवर डेस्कटॉप बसवून, त्याला चक्क सीटबेल्ट लावून मी घरोघर पाठवले आहेत. संगणक संपले तेव्हा आम्ही म्हणालो, जे घरी असेल त्यावर करा. बायकोचा लॅपटॉप, पोराचा टॅब, काहीही. त्या वेळी एकाही सुरक्षा अधिकाऱ्याने नियमावली काढली नाही. गरज सरली तशी ती निघाली.

तेव्हा भीती खरी आहे. पण भीती खरी असली म्हणून कुठलाही उपाय योग्य ठरत नाही. आपल्या धंद्यात गेल्या दहा-बारा वर्षांत काय बदललं ते पाहिलं तर हा झगडा बराचसा अनावश्यक आहे. अँड्रॉइडमध्ये 2014 पासून फोनच्या आत कामासाठी वेगळी खोली करता येते. तिच्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. कंपनीला ब्रीफकेसवाली ॲप्स दिसतात, पुसता येतात. बाकीचे फोटो, मेसेज, इतर ॲपची यादी तिला दिसत नाही. आयफोनमध्ये 2019 पासून अशीच सोय आहे, कंपनीच्या माहितीचा कप्पा आणि त्याची किल्ली वेगळी. ही झाली ओसरी. 2014 मध्ये माझ्याकडे जे बटण नव्हतं ते आज आहे. तरीही मी अशी ऑफिसं पाहतो जिथे खासगी फोनवर पूर्ण ताबा मागितला जातो, कारण नियमावली जुनी आहे आणि बदलायला कुणाला वेळ नाही. आळस हे पाळत ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, दुष्टपणा नव्हे. निदान मी तरी दुष्टपणा क्वचित पाहिला.

एका गोष्टीला मात्र मी आळस म्हणणार नाही. ऑफिसचं वाय-फाय वापरायचं तर आमचं रूट सर्टिफिकेट तुमच्या फोनमध्ये बसवा, असं काही ठिकाणी सांगतात. ते काय असतं? तुम्ही बँकेला पाठवलेलं पाकीट लाखबंद असतं. वाटेत कुणी फोडलं तर फोन ओरडतो. रूट सर्टिफिकेट बसवणं म्हणजे फोनला सांगणं की ऑफिसचा शिक्काही बँकेच्या शिक्क्याइतकाच खरा समज. मग फाटकावरचं यंत्र पाकीट फोडतं, वाचतं, पुन्हा लाख लावतं आणि फोन गप्प बसतो. बरीच ॲप्स आता असला उपरा शिक्का मानत नाहीत, पण ब्राउझर मानतो. कंपनीच्या लॅपटॉपवर हे करण्याला मी हरकत घेणार नाही. खासगी फोनवर ते करायला सांगणाऱ्याला मी माझ्या ऑफिसात सरळ नाही म्हणतो, आणि त्यापायी दोन बैठकांत वाईटपणाही घेतला आहे.

“पण सर, माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?” हे मला नव्याने लागलेली पोरं विचारतात. बीटीएम लेआउटमधल्या पीजीत चौघं एका खोलीत राहतात, चौघांचा एकच वाय-फाय पासवर्ड, एकमेकांच्या फोनवरून जेवण मागवतात. खासगीपणाची चैन त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. त्यांना मी एकच विचारतो: तुझ्या फोनमधलं तुझं किती? आईच्या बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. बहिणीचे रक्ताचे रिपोर्ट त्यात आहेत. गावच्या जमिनीच्या भांडणात काका काय म्हणाले ते आवाजासकट आहे. मित्राने रात्री दोन वाजता लिहिलेलं आहे, ते त्याने फक्त तुला लिहिलं होतं. आपल्याकडे सातबारावर जशी चुलत्या-पुतण्यांची नावं असतात तसा फोन हा एकत्र कुटुंबाचा असतो. बिल फक्त एकाच्या नावावर येतं. तो एकटा ‘परवानगी द्या’ दाबतो आणि वीस माणसांच्या वतीने सही करतो. त्या वीस जणांना कंपनीचं नावही माहीत नसतं. लपवण्याचा प्रश्न त्या पोराचा नाहीच. दुसऱ्याची ठेव सांभाळण्याचा आहे.

खासगीपणाच्या लढाईत बंगळूरचं एक नाव कायमचं कोरलेलं आहे. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते, याच शहरात राहत. 2012 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्या नवांत आपले नागपूरचे शरद बोबडेही होते. पण मूलभूत हक्काची धार प्रामुख्याने सरकारकडे असते. ऑफिसच्या फाटकाशी पोचेपर्यंत ती बोथट होते. तिथे लागतो 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. या कायद्याच्या कलम 7 मध्ये मालकासाठी एक सोय करून ठेवली आहे: नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाला नुकसान वा जबाबदारी यांपासून वाचवण्यासाठी, नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरता येईल. उदाहरणं दिली आहेत ती व्यापारी हेरगिरी आणि गुपितं यांची. कोणता वकील कोणत्या फोनला ‘नुकसानापासून बचाव’ या छत्रीखाली आणू शकणार नाही? निदान ‘परवानगी द्या’ हे बटण तरी होतं, असं म्हणायची पाळी येऊ नये.

तरी मी संमतीच्या बटणाचा भक्त नाही. पगार देणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येतं ही कल्पनाच शहरी विनोदात मोडते. युरोपातल्या डेटा नियामकांच्या गटाने 2017 च्या आपल्या मतात हेच नोंदवलं आहे की नोकर-मालक नात्यातली संमती क्वचितच मोकळी असते. म्हणून प्रश्न परवानगीचा ठेवूच नये, हद्दीचा ठेवावा. परवानगी असो वा नसो, माजघर बंद.

हद्द दोन्हीकडून पाळायची. हेही तितक्याच ठामपणे म्हणतो, कारण आमच्या लोकांना ऑफिसचं नेटवर्क म्हणजे वडिलोपार्जित वाटतं. तुमचा फोन आमच्या घरी आला की त्यालाही ओसरीच मिळेल: पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क, ज्यातून फक्त बाहेरचं इंटरनेट दिसतं, आतला एकही सर्व्हर दिसत नाही. पूर्वी आम्ही प्रत्येक फोनचा हार्डवेअर पत्ता रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचो आणि यादीतल्यालाच आत सोडायचो. दहा वर्षं मी ती यादी पोटच्या पोरासारखी जपली. मग अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 आले आणि फोन स्वतःहून खोटे पत्ते सांगू लागले, दर नेटवर्कला वेगळा. ती यादी एका रात्रीत कचरा झाली. मला राग आला होता, नंतर लक्षात आलं की फोन बरोबर होता. ओळख पटवायचीच तर माणसाची पटवा, सर्टिफिकेटने पटवा. यंत्राच्या अंगावरची खूण कशाला हवी?

गूगलवर 2009 मध्ये मोठा हल्ला झाला. त्यानंतर त्यांनी ठरवलं की ऑफिसच्या भिंतीच्या आत असणं हा विश्वासाचा पुरावा धरायचा नाही. दर दाराशी नव्याने ओळख द्यायची. आज बंगळूरच्या प्रत्येक परिषदेत या विचाराच्या आरत्या होतात. एक गोष्ट मात्र आरतीत गाळली जाते. त्या व्यवस्थेत आतल्या दारांशी जाणारं यंत्र कंपनीने नोंदलेलं आणि सांभाळलेलं लागतं. म्हणजे तिथेही यंत्राचा खर्च कुणी उचलायचा हे ठरलेलं आहे. आपल्याकडे विचार उचलला, बिल तिथेच ठेवलं.

बिलाचं बोलायचं तर आयटीवाल्याने फार रडू नये. हा प्रश्न ज्यांच्या अंगावर खरा कोसळला त्या महाराष्ट्राच्या अंगणवाडी सेविका. सरकारने दिलेले फोन 2 जीबी रॅमचे, त्यांवर माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप चालेना, ते इंग्रजीत, दुरुस्तीचा खर्च खिशातून. मग स्वतःच्या, म्हणजे बहुतेक वेळा मुलाच्या, फोनवर भरा असा आग्रह. 2021 मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते सरकारी फोन पिशव्यांतून नेऊन प्रकल्प कार्यालयांत परत दिले. मोठमोठ्या सल्लागार कंपन्यांना जे अहवालांत नीट मांडता आलेलं नाही ते या बायांनी टेबलावर ठेवलं: काम तुमचं असेल तर चालणारं यंत्र तुम्ही द्या. कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने 2014 मध्ये खासगी मोबाइलच्या कामासाठी झालेल्या वापराचा वाजवी वाटा मालकाने द्यावा असा निकाल दिला, तोही याच जातीचा. आमच्या ऑफिसखाली जेवणाचे डबे घेऊन उभी असलेली डिलिव्हरीची पोरं तर फोन, गाडी आणि पेट्रोल तिन्ही स्वतःचं आणतात, आणि त्या फोनवरून त्यांच्या प्रत्येक वळणाची नोंद दुसरीकडे जाते. कर्नाटकाने 2025 मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला, काम वाटणारी स्वयंचलित व्यवस्था कशी चालते हे सांगण्याची जबाबदारी त्यात ॲप कंपनीवर टाकली. टाय लावणाऱ्या इंजिनिअरला अजून इतकंही मिळालेलं नाही. बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं. पण खासगी विधेयकांपैकी 1970 नंतर एकाचाही कायदा झालेला नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार.

दोन फोन हा उपाय मी स्वतः करून पाहिला. कंपनीने दिलेला दुसरा फोन तीन महिने खिशात बाळगला, मग बॅगेत, मग ड्रॉवरमध्ये. शेवटी त्याची बॅटरी फुगली. लोकांना एकच फोन हवा असतो हे मला मान्य आहे. म्हणूनच ओसरीचा आग्रह धरतो आणि तिच्या भाड्याचाही: महिन्याच्या रिचार्जचा वाटा, आणि नियमावलीत मराठी, कन्नड, इंग्रजी अशा वाचता येईल त्या भाषेत लिहिलेलं एक पान, की कंपनीला काय दिसतं, काय दिसत नाही आणि ती काय पुसू शकते. हे पान लिहायला मला एक दुपार लागली. मंजूर व्हायला अकरा महिने.

गेल्या महिन्यात आमच्याकडची एक मुलगी नोकरी सोडून हैदराबादला गेली. तिकीट आलं तेव्हा मी तिला खाली बोलावलं. आम्ही दोघं तिच्या फोनकडे बघत बसलो आणि तिनेच सेटिंगमध्ये जाऊन कामाची खोली काढून टाकली. ब्रीफकेसवाली चिन्हं एकेक करून गेली. मागच्या चित्रात कुणाचं तरी बारसं चाललं होतं, ते तसंच राहिलं. “झालं?” तिने विचारलं. झालं म्हणालो. मग ती फोन उलटा करून नखाने कॅमेऱ्याभोवतीचा गोंद खरवडत लिफ्टकडे गेली.